अंदाज फुकट, एसटीचं तिकीट आमचं

काल दुकानात एका मोबाईलची चार्जिंग पिन बदलत होतो, तेवढ्यात ओळखीचं गिऱ्हाईक आलं आणि स्वतःचा मोबाईल माझ्या तोंडापुढे धरून म्हणे, भो हे पाह्य, मलेशियाचं विमान सापडलं. व्हिडिओत समुद्राच्या तळाशी विमान, पंखबिंख शाबूत, वरतून लाल बाण. मी म्हटलं अरे बारा वर्षं खाऱ्या पाण्यात पडलेलं विमान असं शोरूममधून आणल्यासारखं कसं दिसेल? तर म्हणे तुला काय माहीत, सरकारं लपवतात सगळं. पिनचे पैसे मात्र उद्या देतो म्हणाला.

आता माझंही सांगतो, मी काही धुतल्या तांदळाचा नाही. २०१४ च्या मार्चात मीच अमळनेरच्या ह्याच दुकानात बसून अर्ध्या गल्लीला सांगत होतो की विमान डिएगो गार्सियाला उतरवलंय, अमेरिकेचा तळ आहे तिथे, लिहून ठेवा. डिएगो गार्सिया नकाशावर कुठे आहे हे मला आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पण सांगताना आवाज असा की जणू रनवेवर मीच झेंडी दाखवली.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ८ मार्च २०१४, क्वालालंपूरहून बीजिंगला निघालेलं एमएच ३७०, बोइंग ७७७, आत २३९ माणसं, त्यात आपले पाच भारतीय. रात्री एक वाजून एकोणीस मिनिटांनी कॉकपिटमधून 'गुड नाईट' आलं आणि दोनच मिनिटांत ट्रान्सपॉन्डर, म्हणजे विमान कुठे आहे ते खाली कळवणारं यंत्र, बंद. झालं, एटीसीच्या, म्हणजे जमिनीवरून विमानांवर लक्ष ठेवणाऱ्यांच्या पडद्यावरून विमान गायब. नंतर कळलं की मलेशियाच्या लष्करी रडारवर ते उलटं वळून पश्चिमेला जाताना दिसलं होतं, अगदी अंदमानच्या समुद्राच्या बाजूला. पहिला आठवडा शोध जास्त करून पूर्वेला आणि विमान गेलेलं पश्चिमेला.

आणि ह्या मधल्या रिकाम्या जागेत जे सुरू झालं ना ते विचारू नका. कुणी म्हणे तालिबानकडे उतरवलं. अमेरिकेच्या एका मोठ्या चॅनलवर तर ब्लॅक होलमध्ये गेलं असेल का ह्याच्यावर चर्चा झाली, चांगली शिकलेली सुटाबुटातली माणसं बसलेली. क्वालालंपूरच्या विमानतळावर एक मांत्रिक दोन नारळ घेऊन बसला, आपल्याकडे भगत बसतो तसाच. मला तो त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटला, निदान नारळाचा खर्च तरी त्याने केला.

नातेवाईक म्हणत होते फोन लावला की रिंग जाते, म्हणजे माणसं जिवंत आहेत. आता हे माझ्या धंद्यातलं, म्हणून सांगतो. आपल्या कानात रिंग वाजतेय म्हणजे समोरचा मोबाईल वाजतोयच असं नसतं. नेटवर्क हँडसेट शोधत असतं तोवर कधी कधी तुम्हाला नुसती टोन ऐकवतं. पण हे त्या बीजिंगच्या हॉटेलात बसलेल्या आईला कोण सांगणार, आणि तिने का ऐकावं?

खरं काय ते निघालं ते पण मोबाईलसारख्याच गोष्टीतून. विमानातलं सॅटेलाईटचं यंत्र चालू होतं. साधारण ३६ हजार किलोमीटर वर इन्मारसॅट कंपनीचा उपग्रह, आणि तिथून तासाभराने विचारणा, आहे का रे बाबा? विमानातून उत्तर, आहे. बोलणं नाही, डेटा नाही, नुसतं मिस्ड कॉलसारखं. सकाळी आठ वाजून एकोणीस मिनिटांपर्यंत हे चाललं, म्हणजे लष्करी रडारवरूनही गेल्यावर जवळजवळ सहा तास विमान उडतच होतं. उत्तर यायला किती वेळ लागला त्यावरून उपग्रहापासूनचं अंतर काढलं. उत्तरेला गेलं की दक्षिणेला ते कशावरून कळलं, तर आपण फाटकाजवळ उभे असताना सुरतकडून गाडी येते तेव्हा हॉर्न बारीक ऐकू येतो आणि पुढे निघून गेली की जाडा होतो, तसला फरक त्या सिग्नलच्या फ्रीक्वेन्सीत होता. त्यावरून दक्षिण हिंदी महासागर. डिएगो गार्सिया बिएगो गार्सिया काही नाही. असं कुणी डोकं चालवलेलं कळलं तेव्हा मला माझी लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

पण मला बोलायचंय ते दुसरंच. त्या विमानात दोन इराणी पोरं चोरीच्या पासपोर्टवर बसली होती, एक इटलीचा, एक ऑस्ट्रियाचा. झालं, दोन दिवस अख्खं जग म्हणत होतं हेच अतिरेकी, फोटो फिरले, मी पण पुढे ढकलले. नंतर निघालं की बिचारे युरोपात आसरा मागायला चालले होते. मेली ती पोरं आणि वरून ती शिवी. तेव्हा हे मला लांबचं वाटलं. मग १ जुलै २०१८ ला आपल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला काय झालं? मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज महिनाभर फिरत होते, माझ्या दुकानात रिचार्ज मारून लोक तेच वाचत होते. बाजाराचा दिवस, भिक्षा मागायला आलेली पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी, लोकांनी ठार मारली. कुणाला तरी वाटलं. नुसतं वाटलं. मला त्या दिवशी ते इराणी पोरांचे फोटो आठवले, कुठून फॉरवर्ड केले, किती ग्रुपला केले, सगळं आठवलं.

आता घरची गोष्ट. माझे मोठे बाबा, म्हणजे वडलांचे थोरले भाऊ, १९९९ च्या दिवाळीनंतर सुरतला कामाला जातो म्हणून गाडीत बसले ते आजपर्यंत आले नाहीत. पोलिसात मिसिंग दिली, सुरतला जाऊन आलो, काही नाही. आणि मग गावातल्या ओट्यावर सुरू. सुरतला दुसरं घर केलंय. किडनी काढून फेकून दिलं असेल. तापीत गेला. ह्यातलं एकही वाक्य 'असेल बहुतेक' असं यायचं नाही, प्रत्येकाचं 'मी सांगस ना तुले' असंच. २००३ ला नाशिकचा सिंहस्थ होता, आमच्याच गल्लीतला एक जण जाऊन आला आणि म्हणे मी तुमच्या भाऊला साधूंमध्ये पाहिलं, दाढी वाढलीय, पण चाल तीच. मोठीमायने, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोने, कानातलं मोडलं. मी आणि ती, धुळ्याला बदलून नाशिक, आठ दिवस रामकुंड, तपोवन, एकेका तंबूत डोकावून. मी तेव्हा अठराचा, मला लाज वाटायची साधूंच्या तोंडाकडे बघत फिरायला. ती मात्र प्रत्येकाची चाल बघायची. आठ दिवसांनी आलो परत. त्या माणसाला वडलांनी विचारलं, तर म्हणतो, मी तर अंदाज सांगितला होता.

मी तर अंदाज सांगितला होता! ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

तीन एकर मोठ्या बाबांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज काढायचं तर वारस नोंद पाहिजे, आणि वारस नोंदीला माणूस मेलेला पाहिजे. वकील म्हणाला सात वर्षं खबर नसली की कायदा मेला असं धरतो, कोर्टात जा. सात वर्षं २००६ लाच झाली होती, मोठीमाय तयार व्हायला २०११ उजाडलं. कोर्टातून आली, हातपाय धुतले आणि आरशासमोर जाऊन कुंकू नीट केलं. आम्ही कुणी काही बोललो नाही.

मलेशियात हे पावणेअकरा महिन्यांत उरकलं, २९ जानेवारी २०१५ ला सरकारने सगळे गेले असं जाहीर केलं. त्याच्या आधी २४ मार्च २०१४ लाच नातेवाईकांना एसएमएस गेला होता की कुणी वाचलेलं नाही. टीव्हीवर बायका रडताना दाखवत होते, मोठीमाय शेंगा फोडत होती, तिने विचारलं काय झालं, मी सांगितलं मोबाईलवर मेसेज केला त्यांना. ती म्हणे, मोबाईलवर? आणि परत शेंगा.

शोध चाललाच. १ लाख २० हजार चौरस किलोमीटर समुद्राचा तळ तपासला, म्हणजे आपल्यासारखे दहा जळगाव जिल्हे, ते पण चार-चार किलोमीटर पाण्याखाली अंधारात. २०१७ ला थांबवला. रीयुनियन बेटावर जुलै २०१५ ला पंखाचा एक तुकडा लागला तो हाताला आलेला पहिला पुरावा. २०१८ चा अहवाल जवळपास पाचशे पानांचा, आणि शेवटी काय, तर कारण ठरवता येत नाही. पायलटच्या घरच्या सिम्युलेटरवर दक्षिणेकडच्या समुद्राचे पॉईंट सापडले हे खरं, पण अहवालाने त्याला दोषी धरलं नाही, तिसऱ्या कुणाचा हात नाकारता येत नाही हे पण लिहिलं. मला विचाराल तर माझं मन पायलटकडेच झुकतं. पण माझं मन म्हणजे काय पुरावा आहे का? गेल्या वर्षी १२ जूनला अहमदाबादला विमान पडलं तेव्हा परत तेच, महिनाभराने प्राथमिक अहवाल आला, त्यात एक पायलट दुसऱ्याला विचारतो इंधन का बंद केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. कोण कुणाला म्हणाला ते लिहिलेलं नाही, पण आमच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत निकाल लागला होता.

बघा, सापडत नाही असंही नाही. आपल्या हवाई दलाचं एएन-३२, चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं, २२ जुलै २०१६, २९ जण. जानेवारी २०२४ ला बंगालच्या उपसागरात ३४०० मीटर खोल तुकडे दिसले, पाण्याखाली आपोआप फिरणाऱ्या यंत्राने फोटो काढले. साडेसात वर्षं. कुणी यूट्यूबवर बोंबलून नाही सापडलं.

आणि त्या मलेशियाच्या विमानासाठी ओशन इन्फिनिटी नावाच्या कंपनीशी सरकारने २०२५ ला करार केला, सापडलं तर ७ कोटी डॉलर, नाही सापडलं तर एक पैसा नाही. मला हा करार फार आवडला. हाच आपल्याकडे ओट्यावर लागू करा. सांग ना भो तुझी थिअरी, पण चुकली तर नाशिकचं येण्याजाण्याचं भाडं तू द्यायचं.

काल त्या गिऱ्हाईकाचा व्हिडिओ मी पुढे पाठवला नाही, एवढंच. तो गेल्यावर शटर लावून घरी आलो तर मोठीमाय बाजेवर बसलेली, आता तिला दिसतं कमी. टीव्हीवर नाशिकच्या कामांची काहीतरी बातमी चाललेली. मला म्हणे, कुंभ कव्हय शे रे भो आवंदा? मी म्हटलं २०२७ ला. बरं म्हणाली. थोड्या वेळाने परत विचारलं, एसटीनं अर्ध तिकीट पडस ना माले?

मी म्हटलं, फुकट आहे तुला आता, पंच्याहत्तरच्या वर.