हळदीचं दूध आणि नसांचा 'ग्रोथ फॅक्टर'

"सांगलीच्या हळदीत नर्व्ह ग्रोथ फॅक्टर असतो. रात्री दुधातून घ्या. मेंदूतून नसांवाटे तळपायापर्यंत उतरतो, 7 दिवसांत मुंग्या बंद. मग शुगरच्या गोळ्याही लागत नाहीत." हा मेसेज मिरजेतल्या आत्यांपर्यंत पोचला आणि त्यांनी चार दिवस मेटफॉर्मिनला हात लावला नाही. म्हणून हे लिहिणं आलं.

हळदीत तो नसतो. ते प्राण्यांच्या अंगात बनणारं प्रथिन आहे, 118 अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचं. गिळलंच तरी डाळीसारखं पचून जाईल.

'मेंदूतून तळपायापर्यंत' हा मात्र कहर आहे. गाडी उलटी धावते! प्रथिन तळपायाच्या कातडीत तयार होतं आणि चेतातंतूच्या टोकावरच्या ट्रॅक-ए ग्राहीला (त्याला पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं. तिथलं तंतूचं आवरण आत वळून बारीक पुटिका, म्हणजे इवलीशी पिशवी, सुटते, आणि डायनीन नावाचं मोटर-प्रथिन तिला सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून चेतापेशीच्या मुख्य भागाकडे ओढत नेतं. तो भागही मेंदूत नाही, कमरेच्या मणक्यांशेजारच्या गाठींत असतो. प्राण्यांत हा वेग तासाला काही मिलिमीटर भरतो. 5 धरा, मीटरभराला 200 तास लागले, म्हणजे आठ दिवसांच्या वर. तुमचे 7 दिवस वाटेतच संपले.

रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी 1977 मध्ये एका बशीचे कप्पे पाडले. उंदराच्या चेतापेशी मधल्या कप्प्यात, तंतू बाजूच्या कप्प्यांत. पेशींजवळचा फॅक्टर काढून फक्त तंतूंच्या बाजूला ठेवला, तरी पेशी जगल्या. माल टोकाकडून येतो, तो असा.

शुद्ध फॅक्टर टोचूनही पाहिलाय. मधुमेही रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत (2000 साली प्रसिद्ध) फायदा दिसला नाही. सुई टोचलेली जागा तेवढी दुखली.

बरं, अर्धं खरं एवढंच: हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाने उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ हा दुसरा वाढघटक वाढल्याचं दिसलंय. पण हळदपुडीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, त्यातलंही रक्तात उतरतं नगण्य. चवीला दूध खुशाल प्या.

गोळ्या सोडणं मात्र घातक. साखर चढली की सगळ्यांत लांब तंतू आधी मार खातात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी12 घटू शकतं, त्यानेही मुंग्या येतात. म्हणून बी12 ची रक्ततपासणी करा, गोळी चालूच ठेवा, आणि रोज रात्री तळपाय उजेडात बघा: भेग, फोड, चपलेने घासलेलं काहीही.