काका, त्या ४.२ टक्क्यांत कोण कोण बसलंय ते बघा

'कोरोनाच्या वर्षात बेरोजगारी वाढली नाही, उलट ४.८ वरून ४.२ टक्क्यांवर आली. गावी परतलेल्यांना शेतीत काम मिळालं. शिकलेल्या केरळ-गोव्यात १० टक्के बेकार, म्हणजे ज्यांना काम नको तेच बेकार.' आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी हे टाकलं. त्याच ग्रुपवर माझा मावसभाऊ आहे. २०२० मध्ये त्याची चाकणची नोकरी गेली, तेव्हापासून तो वडिलांच्या दीड एकरात आहे. म्हणून गप्प बसवत नाही.

आकडे खरे आहेत, तेवढं कबूल. केंद्राच्या श्रमबल पाहणीतलेच, पीएलएफएसचे. पण ही पाहणी तेव्हा जुलै ते जून चालायची आणि या आकड्यासाठी मागचे ३६५ दिवस बघते. वर्षात ३० दिवस जोडकाम केलेलं असलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. टाळेबंदीचे महिने त्यात सहज विरघळतात. त्याच पाहणीत तेव्हा शहरांतल्या बेकारीचा तिमाही आकडाही असायचा, तो फक्त आठवड्याभराची स्थिती विचारायचा. जानेवारी-मार्च २०२० मध्ये तो ९.१ होता, एप्रिल-जूनमध्ये जवळपास २१ टक्के. हा कुणी फॉरवर्ड करत नाही!

आता ते 'शेतीत काम मिळालं'. कुणी दिलं? मावसभावाला बापाने मस्टरवर घेतलं का? घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणाराही पाहणीत रोजगारातच मोजतात. सगळ्या कामकऱ्यांत अशांचं प्रमाण २०१८-१९ मध्ये १३.३ टक्के होतं, २०२०-२१ मध्ये १७.३ झालं. त्याच दोन वर्षांत कामकऱ्यांमधला शेतीचा वाटा ४२.५ वरून ४६.५ वर गेला. इतकी वर्षं तो घटत आला होता, आणि मंदीत एकदम वाढला. जमीन तेवढीच, खाणारी तोंडं जास्त. सरकारी हिशेबात मावसभाऊ बेकार नाही. त्याच्या खिशात बघा.

केरळ-गोव्याचं थोडक्यात: घरात पेन्शन किंवा आखाती पैसा असेल तर पोरगं मनाजोग्या नोकरीसाठी थांबू शकतं, हे खरं. हातावर पोट असलेला थांबत नाही, भाजीची गाडी लावतो आणि रोजगारात जमा होतो. त्यात आळस कुठून आला?

आणि २०२०-२१ मध्ये रोजगार हमी योजनेवर (रोहयो) देशभरात ११ कोटींहून जास्त माणसं राबली, आदल्या वर्षी ८ कोटींच्या आत होती. महाराष्ट्रात दिवसाची मजुरी होती २३८ रुपये. शेतीत एवढं काम होतं, तर ही माणसं उन्हात माती उपसायला का गेली, एवढं काकांनी सांगावं.