अमेरिकेत सगळ्यांना विमा असतो म्हणे

आमच्या सगळ्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मावसभावाने मध्यंतरी भलामोठा मेसेज टाकला. सासऱ्यांचं ऑपरेशन झालं, कंपनीने क्लेममधले लाखभर रुपये कापले. सप्टेंबर २०२५ मध्ये आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला, तरी रिन्यूअलचा हप्ता वाढूनच आला. म्हणून पॉलिसी बंद करायची आणि तेवढ्या पैशांची एसआयपी सुरू करायची, असा निकाल. इथपर्यंत मी गप्प होतो. पण शेवटची ओळ होती, ‘अमेरिकेत बघा, सगळ्यांना विमा असतो. कार्ड दाखवलं की काम झालं.’ खाली अंगठ्यांची ही रांग.

कार्ड माझ्याही पाकिटात आहे, दाखवतोही. त्यानंतर तीन आठवड्यांनी न्यू जर्सीतल्या घरी एक पाकीट येतं. त्यातल्या कागदावर ठळक अक्षरांत ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असतं. दवाखान्याने किती मागितले, विमा कंपनीने किती मान्य केले, डिडक्टिबलमध्ये किती गेले, असे रकाने असतात. बिल नंतर वेगळं येतं. रक्त तपासणाऱ्या लॅबचं आणखी वेगळं. गेल्या हिवाळ्यात धाकट्याचा घोटा मुरगळला, त्याची बिलं उन्हाळ्यापर्यंत येत होती.

आमच्या कुटुंबाचं डिडक्टिबल ६,००० डॉलर आहे. म्हणजे वर्षभरात तेवढे खिशातून गेले की मग कंपनी हात पुढे करणार, आणि तोही सगळा नाही. पुण्यातल्या माणसाला सांगायचं तर हा सुपर टॉपअप झाला, ठरावीक रकमेच्या वरचाच खर्च देणारा विमा, फक्त खालची बेस पॉलिसी म्हणजे आपला स्वतःचा खिसा. आणि या सुपर टॉपअपचा हप्ता? नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २०२५ मध्ये जवळजवळ २७,००० डॉलर होता. त्यातला मोठा भाग मालक भरतो म्हणून आम्हाला तो दिसत नाही. दिसतो कधी, तर नोकरी जाते तेव्हा.

मला तो दिसलाय. कंपनीने आमचा अख्खा विभाग बंद केला, तेव्हा कोब्रा नावाच्या कायद्याखालचं पत्र आलं. जुनाच विमा दीड वर्ष चालू ठेवता येईल, मात्र हप्ता पूर्ण तुमचा, वर २ टक्के खर्चाचे. चौघांचे महिन्याला २,३०० डॉलर, तेही पगार थांबलेला असताना. मग रात्री मुलं झोपल्यावर मी आणि बायको राज्याच्या विमा बाजाराच्या साइटवर बसलो. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, अशा विम्याच्या पायऱ्या. ब्राँझचा हप्ता परवडत होता, पण त्याचं डिडक्टिबल बघून बायको म्हणाली, ‘हा घेतला तर आजारी पडायचं नाही.’ सिल्व्हर घ्यावा, तर मुलांचा डॉक्टर त्याच्या नेटवर्कमध्ये नव्हता. शेवटी सिल्व्हरच घेतला आणि डॉक्टर बदलला.

अजूनही इथे अडीच कोटींहून जास्त लोकांकडे विमा नाही. बाजारातला विमा परवडावा म्हणून २०२१ पासून जादा अनुदान मिळत होतं. ते चालू ठेवायचं की नाही, या भांडणात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशाचं सरकार ४३ दिवस बंद पडलं होतं, आणि तरी वर्षअखेरीस ते अनुदान संपलंच. हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. मावसभावाचं उत्तर आलं, ‘तुझा पगार डॉलरमध्ये आहे ना पण.’

हे एक वाक्य म्हणजे यांचा हुकमी एक्का. बरं, डॉलरचं बाजूला ठेवू. लाखभर कापले गेले ते कशामुळे? मी पॉलिसीची पीडीएफ मागवली. चौथ्या पानावर लिहिलंय, खोलीचं भाडं विमा रकमेच्या १ टक्क्यापर्यंत. पाच लाखांची पॉलिसी, म्हणजे रोजचे ५,०००. सासऱ्यांना ठेवलं ८,००० च्या खोलीत, कारण ‘येणाऱ्या-जाणाऱ्यांना बसायला सोफा हवा.’ अशा वेळी कंपनी फक्त वरचे तीन हजार कापून थांबत नाही. सर्जनची फी, थिएटरचा खर्च, सगळं आठास पाच या प्रमाणात खाली येतं, कारण रुग्णालय या गोष्टींचे दर खोलीच्या वर्गावरून लावतं. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्या तेवढ्या यातून सुटतात. हे घेतानाच वाचलं असतं तर खोलीची मर्यादा नसलेली पॉलिसी थोड्या जास्त हप्त्यात मिळाली असती. आपल्याकडे साडी घेताना पदर तीनदा उलगडून बघतात आणि पॉलिसी घेतात ती एजंट ओळखीचा आहे म्हणून. इथे नोव्हेंबरात, पुढच्या वर्षाचा विमा निवडायच्या दिवसांत, लोक स्प्रेडशीट मांडून बसतात. (हौसेने नव्हे, भीतीने. पण बसतात.)

एका गोष्टीत मात्र अमेरिकेला मान द्यावा लागतो, आणि ती मावसभावाला माहीतच नव्हती. २०१४ पासून इथली विमा कंपनी मधुमेह आहे म्हणून तुम्हाला नाकारू शकत नाही, जास्त हप्ताही लावू शकत नाही. भारतात दोन्ही करता येतं. तिथे आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळण्यासाठी थांबायची मुदत २०२४ मध्ये चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, ६५ नंतर नवी पॉलिसी घ्यायचा रस्ताही मोकळा झाला. सत्तरीपुढच्यांना तर उत्पन्न न बघता आयुष्मान भारतचं पाच लाखांचं कार्ड मिळतं. माझ्या वडिलांनी ते काढलेलं नाही. ‘ते गरिबांसाठी असतं,’ म्हणतात. त्यांचा पन्नास हजारांच्या वरचा हप्ता दरवर्षी मी इथून भरतो आणि ते फोनवर म्हणतात, ‘एवढे कशाला घालवतोस, मला काय झालंय?’

आई-बाबा इथे सहा महिने राहायला यायचे तेव्हा व्हिजिटर इन्शुरन्स घ्यायचो. त्यात आधीचे आजार जवळपास धरतच नाहीत, म्हणजे बाबांमधले बाबा वगळून उरलेल्या माणसाचा विमा. एकदा त्यांच्या छातीत दुखू लागलं. मी गाडीची किल्ली हातात घेतली, तर ते म्हणाले, ‘आधी चौकशी कर, किती लागतील.’ गॅसच निघाला. पण त्यानंतर ते आलेले नाहीत. थंडी सोसत नाही, असं सांगतात.

ग्रुपवरचा वाद चिघळला तो पुढे. मावसभावाचा आणि माझा एजंट एकच. मावसभावाने सगळ्यांसमोर लिहिलं, ‘एवढं शिकवणाऱ्याने स्वतः पुण्याची पॉलिसी काढून ठेवलीय. विचारा त्याला, कशासाठी?’

काढली आहे, खरं आहे. माझी आणि बायकोची, दोघांत मिळून दहा लाखांची फ्लोटर. उपचार फक्त भारतात. आम्ही भारतात असतो वर्षातले तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत लग्नं, मुंजी आणि दातांचा डॉक्टर यांपलीकडे काही होत नाही. हप्ता वाया जातो, अगदी मावसभाऊ म्हणतो त्या अर्थाने. फॉर्मवर पत्ता कोथरूडच्या घराचा दिलाय. सोबत राहणाऱ्या अपत्यांच्या रकान्यात काय लिहायचं असं एजंटने विचारलं, तेव्हा मी लेकीला विचारून बघितलं. ती म्हणाली, ‘व्हाय वुड आय गेट सिक देअर?’ तो रकाना कोरा सोडला.

उशीर केला तर थांबायची मुदतही तेवढीच उशिरा सुरू होते, हे कारण मी बायकोला दिलं. परतायचं कधी, हे तिने विचारलं नाही. दर दिवाळीला आम्ही पाच वर्षांचा बेत करतो, त्यामुळे ती पाच वर्षं कायम पाचच राहतात. ग्रुपवर मात्र मी लिहिलं की हे निव्वळ आर्थिक नियोजन आहे. त्यावर माझ्या सख्ख्या बहिणीने हसण्याचा इमोजी टाकला.

मावसभावाला शेवटी वेगळा फोन केला. पॉलिसी सोडू नकोस, पोर्ट कर, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे ने, मात्र अर्ज रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी गेला पाहिजे, म्हणजे थांबून झालेली वर्षं फुकट जात नाहीत. वर पाच लाखांच्या डिडक्टिबलचा सुपर टॉपअप घे, काही हजारांत होतो. तो म्हणाला, बघतो. मग विचारलं, ‘तुझी मुदत कधी संपते?’

येत्या मार्चमध्ये तीन वर्षं भरतात. त्यानंतर माझ्या मधुमेहामुळे काही झालं तर पुण्यात खर्च मिळेल. न्यू जर्सीत तो पहिल्या दिवसापासून मिळतो, आधीचे ६,००० डॉलर आपण भरून झाल्यावर.