चाक फिरवून एलएसडी ओळखायचं?

डिफरन्शियल म्हणजे वळताना मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे, अ‍ॅक्सलमधले गिअर. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं की ताकद तिथेच वाया जाते. लिमिटेड स्लिप (एलएसडी) दुसऱ्या चाकालाही ताकद देतं. आपल्या ट्रकमध्ये यातलं कोणतं, यावर जुन्या पिकअप ट्रकवाल्यांमध्ये एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. ‘मागची दोन्ही चाकं उचला, गाडी न्यूट्रलला ठेवा, एक चाक हाताने फिरवा. दुसरं त्याच दिशेने फिरलं तर लिमिटेड स्लिप, उलटं फिरलं तर साधं डिफरन्शियल. लिमिटेड स्लिप असेल तर ऑइलमध्ये फ्रिक्शन मॉडिफायरची (घर्षण मऊ करणाऱ्या द्रवाची) बाटली ओता. वळताना आवाज नाही ना? मग सगळं ठणठणीत.’

‘उलटं फिरलं तर साधं’, इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. क्लचवाल्या एलएसडीत प्लेटा स्प्रिंगने दाबून धरलेल्या असतात, म्हणून दोन्ही चाकं एकत्र फिरतात. प्लेटा झिजल्या की दाब जातो आणि दुसरं चाक खुशाल उलटं फिरतं. म्हणजे क्लचमध्ये आज किती जीव उरलाय ते कळतं, आत काय बसवलंय ते नाही. जनरल मोटर्सच्या ट्रकमधलं जी80 (G80) हे आपोआप लॉक होणारं डिफरन्शियल तर धडधाकट असूनही उलटं फिरतं. दोन चाकांच्या वेगात साधारण 100 आरपीएमचा फरक पडला की त्यातली फ्लायवेट्स (वेगाने बाहेर फेकली जाणारी छोटी वजनं) उघडतात आणि मगच लॉक लागतं. हाताने एवढ्या वेगात कोण फिरवणार?

‘एकाच दिशेने म्हणजे लिमिटेड स्लिप’ हेही खरं नाही. कुणीतरी वेल्ड मारून ठेवलेलं डिफरन्शियलसुद्धा तसंच फिरतं.

त्यापेक्षा आधी स्टिकर बघा. जनरल मोटर्सच्या ट्रकमध्ये ग्लव्हबॉक्समधल्या कोडच्या यादीत G80 असेल, तर कंपनीतून लॉकर, म्हणजे हेच लॉक होणारं डिफरन्शियल, बसवून आलाय. फोर्डच्या अ‍ॅक्सलवर कव्हरच्या बोल्टला पत्र्याची बारीक पट्टी असते. गंज घासून काढल्यावर 3L55 दिसलं, तर गिअरांचा रेशो 3.55 आणि मधला L लिमिटेड स्लिपचा. पण एवढ्या वर्षांत कुणी अख्खा अ‍ॅक्सलच बदलला असेल तर स्टिकर कशाचा सांगणार? शेवटी कव्हर उघडावं लागतं. साध्या डिफरन्शियलमध्ये आतल्या छोट्या गिअरांच्या मधली जागा मोकळी दिसते, पिन सोडली तर. फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉकमध्ये (त्यांच्या क्लचवाल्या एलएसडीत) तिथे जाडजूड, इंग्रजी एसच्या आकाराची स्प्रिंग दाबून बसवलेली असते. एकदा पाहिली की विसरणं शक्य नाही.

आता बाटली. ती क्लचवाल्यांसाठी आहे, फोर्डच्या 8.8 इंची ट्रॅक्शन-लॉकला साधारण 120 मिलि पुरते. ‘लिमिटेड स्लिपसाठी’ असं लिहिलेल्या बऱ्याच ऑइलमध्ये ती आधीच मिसळलेली असते, वर आणखी ओतलीत तर क्लचची पकड ढिली होते. जी80 मध्ये तर ओतूच नका. टॉर्सन या फक्त गिअरांवर चालणाऱ्या एलएसडीत तर क्लचच नाहीत.

आणि आवाज नाही म्हणून खूश होऊ नका. झिजून गुळगुळीत झालेला क्लच तर अगदीच गप्प असतो. एक चाक जमिनीवर, एक हवेत, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, पुढच्या चाकांना ठोकळ्यांची ओट लावलेली. मग हवेतल्या चाकाला टॉर्क रेंच (किती जोर लागतो ते दाखवणारा पाना) लावा. ट्रॅक्शन-लॉकमध्ये चाक 20 फूट-पाउंडच्या आत फिरायला लागलं तर क्लच संपला. हे करताना इंजिन बंदच हवं. चुकून गिअर पडला तर जमिनीवरचं चाक ट्रक जॅकवरून ढकलून देईल.

कव्हर उघडणार असाल तर ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग सैल होतो का ते बघा. मी एकदा उलटं केलं, प्लग काही हलेना, आणि ट्रक दोन दिवस कोरड्या डिफरन्शियलवर तसाच उभा.