वकिलाला फी विचारायची लाज कसली?

फ्लॅट घेताना आपण बिल्डरला पार्किंगचे किती, मेंटेनन्सचे किती, सगळं खोदून विचारतो. संसार मोडायची वेळ येते आणि वकिलासमोर बसलो की मात्र तोंडाला कुलूप.

माझ्या मामेबहिणीच्या बाबतीत हेच झालं. वकील ओळखीतले, म्हणून मामाने फीचा विषयच काढला नाही. आधी थोडे पैसे दिले. मग प्रत्येक तारखेचे वेगळे, टायपिंगचे वेगळे, नोटरीचे वेगळे, समोरच्याचा अर्ज आला की त्याला उत्तर द्यायचे वेगळे. पावती एकाचीही नाही. शेवटी मामीच्या बांगड्या गहाण पडल्या. वकिलाने मेहनतीचे पैसे घ्यावेतच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रडवेल्या माणसाला आकडा न सांगता पुढे नेत राहणं मला अन्याय वाटतो.

म्हणून पहिल्याच भेटीत विचारा. फी एकरकमी की तारखेप्रमाणे? पोटगीचा अंतरिम, म्हणजे केस चालू असतानाचा अर्ज, उलटतपासणी त्यात धरली आहे का? कोर्टात तुम्ही स्वतः उभे राहणार की ज्युनिअरला पाठवणार? ठरलं ते निदान व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. 'पोटगी मिळाली की त्यातले इतके टक्के माझे' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही. वकिलांना जाहिरात करायलाही मनाई आहे, त्यामुळे इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्यांना मी तरी काडीची किंमत देत नाही. केस मुंबईत असेल तर वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात रोज काम करणारा वकील शोधा. घरगुती हिंसाचाराची तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा मॅजिस्ट्रेट कोर्टात जाते, तेव्हा तेही काम तोच बघणार का, हे विचारून घ्या.

आणि ज्यांच्याकडे पैसेच नाहीत? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. प्राधिकरणाची हेल्पलाइन १५१००. 'फुकटचा वकील काय लक्ष देणार' हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. आधी भेटा तरी. त्यांनी लक्ष दिलं नाही तर प्राधिकरणाकडे वकील बदलून मागता येतो. शिवाय हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली, स्वतःचं पुरेसं उत्पन्न नसेल तर केस चालू असतानाच जोडीदाराकडून कोर्टखर्च मागता येतो. नवऱ्यालाही. बहिणीला हे कळलं ते बांगड्या गेल्यानंतर.

तिने वकील बदलायचं ठरवलं तेव्हा आधीचे म्हणाले, हिशेब पूर्ण करा, मग फाइल न्या. मामा घाबरून पैशांची जुळवाजुळव करायला लागला होता. नव्या वकीलबाईंनी सांगितलं की फी थकली म्हणून अशिलाची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने २००० सालीच तसा निकाल दिलाय. मामाने तेवढंच जाऊन सांगितलं आणि फाइल मिळाली.

तुमची केस चालू असेल तर वकिलाकडून सीएनआर नंबर, म्हणजे कोर्टाने केसला दिलेला ओळख क्रमांक, आजच मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या अॅपवर तो टाकला की पुढची तारीख आणि मागच्या तारखेला काय झालं ते फुकटात दिसतं.