अंगण खरंच वाकडं होतं, आणि नाचताही येत नव्हतं

नमस्कार.

मॉरिशसमधल्या माझ्या गोल्फवर मी लेख लिहिला, त्याला तुम्ही उत्तर दिलंत. 'नाचता येईना अंगण वाकडं' इथून तुम्ही सुरुवात केलीत आणि 'बायकांच्या टीवरून खेळून काय मिळवलंत?' इथे थांबलात. ही दोन टोकं सोडली तर मधे खरे मुद्दे आहेत, म्हणून दोन ओळी खरडून मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये मॉरिशसला सुट्टीवर गेलो होतो. तिथे पूर्व किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्ट कोर्सवर दोन राउंड खेळलो. पहिला पांढऱ्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा; ती जेवढी पुढे तेवढा कोर्स छोटा), म्हणजे साधारण ६,३०० यार्ड: १०९ फटके, अकरा चेंडू गायब. दुसरा एक दिवस सोडून, सगळ्यात पुढच्या, तुमच्या भाषेत 'बायकांच्या', टीवरून, ५,३०० यार्ड: ९८ फटके, चार चेंडू. कोर्स फार कठीण आहे असं लिहिलं आणि जाणाऱ्यांनी पुढच्या टीवरून खेळावं असा सल्ला दिला. कोर्सचं नाव तेव्हाही घेतलं नव्हतं, आताही घेत नाही. खेळ माझा फसला, त्यात त्या कोर्सच्या नावाची ओढाताण कशाला?

आधी जिथे तुमचं बरोबर आहे ते. 'स्लोप १३१ म्हणजे कोर्स सरासरीपेक्षा खूप कठीण' असं मी ठोकून दिलं होतं. ते चूक. कोर्स किती कठीण हे स्क्रॅच खेळाडूच्या बाबतीत कोर्स रेटिंग सांगतं, म्हणजे त्याला किती फटके लागावेत ते. (हँडिकॅप म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट; स्क्रॅच म्हणजे ज्याची ती शून्य.) स्लोप सांगतो की स्क्रॅच खेळाडूच्या तुलनेत बोगी गोल्फरचे, म्हणजे साधारण वीस हँडिकॅपवाल्याचे, हाल किती जास्त होतात. पुरुषांसाठी त्याचा गुणक ५.३८१ आहे. ११३ हा प्रमाण स्लोप. त्याला ५.३८१ ने भागलं तर उत्तर २१ येतं, म्हणजे दोघांमध्ये २१ फटक्यांचं अंतर. १३१ ला भागलं तर २४ च्या वर जातं. जास्तीचे तीन-साडेतीन फटके नेमके माझ्यासारख्याच्या खिशातून जातात, स्क्रॅचवाल्याला त्याची झळ लागत नाही. लेखातला तो परिच्छेद आज बदलतो.

पण गंमत अशी की याच हिशेबात तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर आहे. तुम्ही म्हणता, हवाईतल्या कपालुआच्या प्लांटेशन कोर्सवर कॅमेरॉन स्मिथने २०२२ मध्ये ३४ अंडर (म्हणजे पारपेक्षा, ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, ३४ कमी) मारले, हिदेकी मात्सुयामाने २०२५ मध्ये ३५ अंडर मारून पीजीए टूरचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेचा, विक्रम केला, मग रिसॉर्ट कोर्स कठीण कसले? आकडे अगदी बरोबर. पण ते तुमच्याच स्लोपच्या मुद्द्याविरुद्ध साक्ष देतात. प्रो किती खाली गेला यावरून वीस हँडिकॅपवाल्याचं काय होईल हे कळत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत ना!

शिवाय कपालुआचं खरं शस्त्र वारा आहे. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी आखलेला तो कोर्स १९९१ मध्ये उघडला तेव्हा फेअरवे (टीपासून पुढे जाणारी, गवत कापलेली वाट) मुद्दाम ऐसपैस ठेवले, कारण त्या वाऱ्यात अरुंद फेअरवे म्हणजे शिक्षाच झाली असती. वारा पडला की प्रो लोक तिथे लूट करतात. २०१३ मध्ये मात्र, स्मिथ-मात्सुयामांनी जिंकली त्याच स्पर्धेत, असा वारा सुटला की सुरू झालेला खेळ रद्द करावा लागला, स्पर्धा सोमवारपर्यंत खोळंबली आणि ७२ ऐवजी ५४ होलवर गुंडाळली. कोर्स तोच, तोही रिसॉर्टचाच.

मॉरिशसला आग्नेयेकडून येणारे व्यापारी वारे ऑगस्टच्या सुमारास जोरात असतात आणि पूर्व किनारा त्यांच्या थेट तोंडावर. हे मला पुस्तकी माहीत होतं. प्रत्यक्षात काय झालं ते एका होलचं सांगतो, लेखात जागेअभावी गाळलं होतं.

पार ३, १४८ यार्ड. टीच्या तिन्ही बाजूंना सुरूची उंच झाडं, समोर खारफुटी आणि उथळ पाणी, पलीकडे ग्रीन, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागा. झाडांच्या आडोशाला पान हलत नव्हतं. सुरूच्या शेंड्यांकडे बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. नेहमीचं सात नंबरचं आयर्न (गोल्फची काठी, म्हणजे क्लब; नंबर लहान तसा चेंडू लांब) काढलं, फटका सुरेख लागला. चेंडू झाडांच्या डोक्यावर गेला आणि तिथे क्षणभर उभाच राहिला, जणू कुणी वरून दोरी धरली. मग जवळजवळ सरळ खाली आला आणि खारफुटीच्या मुळांत टपकला. दुसरा चेंडू सहा नंबरने, जरा त्वेषाने मारला. तो आणखी उंच गेला आणि आणखी अलीकडे पडला. जोर लावला की फिरकी वाढते, फिरकी वाढली की समोरच्या वाऱ्यात चेंडू वर चढतो. मोठा क्लब घेऊन अर्ध्या जोराने, कमी उंचीवरून काढायचा असतो तो. मागून येणारा वारा जेवढं देतो त्याच्या जवळपास दुप्पट समोरचा वारा हिसकावून घेतो, हा हिशेब कितीतरी वेळा वाचला असेल. हातात क्लब आल्यावर तो आठवला नाही, हा दोष माझाच.

तुम्ही म्हणता तशी 'समुद्राकाठची जड हवा' मात्र यात नव्हती. दमट हवा जड असते हा आपल्या सगळ्यांचा समज, पण पाण्याची वाफ हवेतल्या नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. तापमान आणि दाब तेच असतील तर दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित विरळच भरते. समुद्रसपाटीची हवा डोंगरावरच्या हवेपेक्षा दाट असते, एवढं तुमच्या बाजूने मान्य. पण माझा चेंडू हवेच्या वजनाने पडला नाही, वाऱ्याने पाडला आणि माझ्या मूर्खपणाने.

आता तुमच्या लबाडीच्या आरोपाचं, म्हणजे हरवलेल्या चेंडूंऐवजी मी पुढे चेंडू टाकून खेळलो त्याचं. हा शब्द लागला, खोटं कशाला बोलू. चेंडू हरवला की परत टीवर जायचं, एक फटका दंड, तिसरा फटका तिथून, हा मूळ नियम. पण २०१९ च्या नियमांपासून कोर्सची समिती एक स्थानिक नियम लागू करू शकते: चेंडू हरवला किंवा हद्दीबाहेर गेला तर दोन फटके दंड घेऊन, तो गेला त्या अंदाजे जागेपासून फेअरवेच्या कडेपर्यंतच्या पट्ट्यात ड्रॉप घ्यायचा, म्हणजे हातातून चेंडू सोडून तिथून खेळायचं, होलच्या जवळ न जाता. आमच्या कार्डाच्या मागे तो छापलेला होता. त्याच वर्षी शोधायची वेळही पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली. दोन्हींमागचं कारण एकच, मागे ताटकळणारे लोक. सुरूच्या झाडांत आणि काळ्या लाव्हाच्या दगडांत हरवलेल्या चेंडूंसाठी मी हेच केलं. (त्या दगडांवर चेंडू आपटला की 'ठक्' असा आवाज येतो आणि चेंडू कुठल्या देशात गेला हे सांगता येत नाही.)

तरी तुमच्या आरोपात एक टक्का तथ्य निघालं. उत्तर लिहिण्यापूर्वी कार्ड काढून होलवार आठवत बसलो. बाराव्या होलवर चेंडू लाल खुंट्यांच्या (दंडाच्या हद्दीच्या खुणा) आत, पाण्यात गेलेला स्पष्ट दिसला होता. तिथे हा स्थानिक नियम चालत नाही. चेंडूने हद्द ओलांडली तिथपासून दोन क्लबांच्या अंतरात ड्रॉप घ्यायचा, दंड एकच फटका. मी सवयीने फेअरवेच्या कडेला ड्रॉप घेतला आणि दोन फटके मोजले. म्हणजे जागा चांगली लाटली आणि दंड जास्त भरला. ही लबाडी की बावळटपणा ते तुम्हीच ठरवा. १०९ समोर आजपासून एक फुली.

आणि आता टीचं, ज्यावरून तुम्ही एवढे तापलात.

पहिल्या दिवशी स्टार्टरने, म्हणजे खेळाडूंना सुरुवात करून देणाऱ्याने, विचारलं, कुठल्या टीवरून? मी काही बोलायच्या आत बग्गीच्या स्टिअरिंगवर बसलेली आमची ही म्हणाली, "पुढेपण आहे की एक." ती गोल्फ खेळत नाही, हवा खायला आली होती. आमच्या गटात दोन अनोळखी तरुण होते, दोघेही मागच्या टीकडे निघालेले. मी 'व्हाइट' म्हणालो. माझा ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांबच्या क्लबचा फटका, घरंगळणं धरून २०० यार्ड जातो. यूएसजीए आणि पीजीए ऑफ अमेरिका या अमेरिकेतल्या गोल्फ संघटनांनी २०११ मध्ये 'टी इट फॉरवर्ड' ही मोहीम काढली. तिच्या तक्त्यात २०० यार्डांच्या ड्रायव्हरसमोर ५,२०० ते ५,४०० यार्डांचा कोर्स लिहिलाय. हा तक्ता मी स्वतः दोन मित्रांना पाठवलेला आहे! तरी तोंडातून 'व्हाइट' बाहेर पडलं. मूळ लेखात मी कोर्सबद्दल पानभर लिहिलं आणि हे एक वाक्य गाळलं. तुमची म्हण इथे लागू पडते.

पण पुढची टी म्हणजे फुकटची सूट, हे मला मान्य नाही. हिशेब मांडतो. माझा हँडिकॅप इंडेक्स २०.४. पांढऱ्या टीचं रेटिंग ७१.२, स्लोप १३१. पुढच्या टीचं ६६.३ आणि ११८. पार दोन्हीकडे ७२. इंडेक्सला स्लोपने गुणून ११३ ने भागायचं आणि रेटिंगमधून पार वजा करून जे उरेल (उणेसुद्धा) ते मिळवायचं. पांढऱ्या टीवर मला २३ फटक्यांची सूट मिळते, पुढच्या टीवर फक्त १६. म्हणजे ही सूट वजा करून पाहिलात तर पहिला दिवस ८६, दुसरा ८२. अकरा फटक्यांच्या फरकातले सात हँडिकॅपनेच काढून घेतले. राहिले चार. आणि 'बायकांची टी' म्हणाल, तर टीवर कुणाचं नाव नसतं. एकाच टीचं पुरुषांसाठी वेगळं आणि बायकांसाठी वेगळं रेटिंग काढता येतं, ज्याने त्याने आपलं बघायचं.

आकड्यांपेक्षा मला दुसरंच काही सांगायचंय. एक पार ४ आहे, फेअरवेच्या डावीकडे लागोपाठ दोन बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे. पांढऱ्या टीवरून ते तब्बल २६० यार्डांवर. पहिल्या दिवशी मला ते दिसलेसुद्धा नाहीत, कारण तिथवर माझा चेंडू पोहोचणारच नव्हता. डोळे मिटून ड्रायव्हर मारला, चेंडू कुठेतरी पडला, मग फेअरवे वूड, मग आणखी एक. विचार करण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या राउंडला पुढच्या टीवर उभा राहिलो तर तेच बंकर १९५ यार्डांवर, बरोबर माझ्या घशात. आता ठरवणं आलं. उजवीकडे मारला तर ग्रीन तिरकं दिसतं आणि मधे पाणी. अलीकडे थांबवला तर दुसरा फटका लांब. बंकरांच्या बाजूने धाडस केलं तर ग्रीन सताड उघडं. मी पाच मिनिटं, बरं, एक मिनिट तरी, विचार करत उभा होतो. कोर्स आखणाऱ्याने जो प्रश्न घातला होता तो मला पहिल्यांदा तिथे दिसला. मागच्या टीवरून खेळताना मी तो कोर्स खेळलोच नव्हतो, नुसता पार केला होता.

कोर्स आखणारे रॉबर्ट ट्रेंट जोन्स थोरले यांनी १९६४ मध्ये हवाईत मौना केआचा कोर्स लाव्हा फोडून, त्याची माती करून उभा केला. तिथल्या तिसऱ्या होलवर टीवरून थेट समुद्रावरून मारायचं असतं. या माणसाचं सूत्र होतं, पार अवघड आणि बोगी, म्हणजे पारपेक्षा एक फटका जास्त, सोपी. रिसॉर्ट कोर्सचा सगळा कारभार या सूत्रावर चालतो, कारण येणारा पाहुणा कोण, किती हँडिकॅपचा, कुणाला ठाऊक. सोपी बोगी मिळते ती योग्य टीवर उभं राहिलात तर. पांढऱ्या टीवर दुसऱ्या एका होलला खारफुटीवरून १७० यार्ड हवेतून न्यायचे होते, तिथे मला बोगीसुद्धा अवघडच होती. तो जोन्सछाप कोर्सचा दोष नव्हे, 'व्हाइट' म्हणणाऱ्याचा.

गवताबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण माझे निदान पाच फटके त्यात गेले. समुद्राकाठच्या बऱ्याच कोर्सवर पास्पॅलम असतं. ते खारं पाणी सोसतं म्हणून लावतात. फेअरवेवर चेंडू छान वर बसतो, पण ग्रीनच्या कडेला ते चिकट. टप्पा पाडून चेंडू घरंगळत न्यायला गेलो की पहिल्या टप्प्यालाच तो गपकन धरून ठेवायचं. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर शहाणा झालो आणि उंच चिप (ग्रीनजवळचा छोटा फटका) मारून थेट ग्रीनवर टाकू लागलो. तेव्हा सतरावं होल चालू होतं.

त्या पार ३ चं शेवटी काय झालं, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. दुसऱ्या राउंडला पुढच्या टीवरून ते ११५ यार्ड होतं. या वेळी आधी शेंड्यांकडे बघितलं. ते वाकलेले होते. शहाण्यासारखं सहा नंबर काढलं, अर्ध्या जोराने, कमी उंचीवरून मारलं. चेंडू हवेत असतानाच वारा पडला. ग्रीनच्या पलीकडे दगड आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. ठक्.