समुद्राला मिळालेलं पाणी

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर दादाने एक व्हिडिओ टाकला. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी, मुंबईला न्यावं म्हणून कुठेतरी सभा होती. व्यासपीठावरचे गृहस्थ तावातावाने सांगत होते, ‘एवढं गोडं पाणी फुकट समुद्रात जातंय!’ टाळ्या पडल्या. रॉटरडॅमच्या स्वयंपाकघरात भांडी विसळताना मी ते ऐकलं आणि त्या ‘फुकट’ला अडखळले.

माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. आईची परीक्षा साधी होती: तूरडाळ शिजेना झाली की विहिरीत खार चढला. पूर्वी हे वैशाखात व्हायचं. आता होळी होते न होते तोच वहिनीचा फोन, ‘पाणी मचूळ लागायला लागलं हो, वन्सं.’ एका विहिरीवरून हवामानाचा निकाल लावू नये, काठावर बोअरवेलही वाढल्यात. पण खाडीचं गणित त्याच दिशेने चाललंय. खारं पाणी जड, ते तळाने वर सरकतं. गोडं वरून खाली येतं आणि त्याला रेटतं. २००६ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्रांची पातळी सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली. खाडीत पाणी जेवढं खोल, तेवढा खार आत. उलट पाऊस चार दिवसांत कोसळून मोकळा झाला, तर नदीचा रेटा उन्हाळ्यापर्यंत पुरणार कसा?

आमच्या खाडीला मिळणाऱ्या वाशिष्ठी नदीला तो रेटा मिळतो अवजलाचा. कोयना खरी कृष्णेला मिळणारी, पण १९६२ पासून तिचं पाणी विजेसाठी सह्याद्रीतून पश्चिमेला उतरवलंय, आता वर्षाला सुमारे ६७ टीएमसी (अब्ज घनफूट). म्हणून आजूबाजूच्या नद्यांत नुसते धोंडे दिसतात तेव्हाही वाशिष्ठी वाहती असते.

इथे ऱ्हाईन नदीचं पाणी मुख्यतः दोन वाटांनी समुद्राला जातं. त्यातल्या एका वाटेच्या, हारिंगव्लीटच्या, मुखावर १७ गाळ्यांचे दरवाजे आहेत. नदी रोडावली की ते बंद करतात आणि हाताशी असेल तेवढं पाणी रॉटरडॅमच्या बाजूने समुद्रात जाऊ देतात, खार वर चढू नये म्हणून. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत तरीही खारं पाणी आत घुसलंच. कारण बोटींसाठी ती वाट खोल, अगदी खोल करून ठेवलीय. ही मेख मला महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे प्रत्येक खाडीवरचा एकच उपाय म्हणजे गाळ काढा.

हे लिहिलं आणि दादाचा फोन आला. ‘तुझ्या हॉलंडात बसून बोलायला काय जातंय गो?’ त्याचं दुकान वाशिष्ठीकाठी, चिपळूणच्या बाजारपेठेत. २२ जुलै २०२१ ला मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, नदीला उतरायला जागा राहिली नाही, आणि त्याच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी. महिनाभर तो चिखल उपसत होता. अवजल नको, गाळ काढा, हे तो त्या चिखलातून बोलतो. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं. शिवाय, ‘कोयना नव्हती तेव्हाही आपण पाणी पीतच होतो ना?’ हाही प्रश्न खरा. मी एवढंच म्हटलं की तेव्हा समुद्र इतका वर नव्हता, आणि काठावरच्या गावांच्या नळयोजनाही या वाहत्या पाण्याच्या भरवशावर नव्हत्या.

शहरालगतचा गाळ काढायलाच हवा, जुलैत अवजल थोपवायला हवं, त्यात माझा त्याच्याशी वाद नाही. पण खाडीचं मुख खणायच्या आधी खार किती वर चढेल ते मोजा. आणि मुंबईला न्यायच्या आराखड्यात एक आकडा आधी लिहा: एप्रिल-मेमध्ये वाशिष्ठीत किती पाणी राहील. उरलेलं न्या खुशाल.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. दादाचा नुसता अंगठा आला. थोड्या वेळाने वहिनीचा निरोप: ‘वन्सं, सध्या डाळीत सोडा घालतेय.’